‘कृतीतून चांगली शिकते’ असं लिहून मोकळं होण्याआधी

माझ्या नणंदेनं तिच्या मुलाची बोटांच्या ठशांची तपासणी करून घेतली, पुण्यात. दहाही बोटं मशीनवर टेकवायची आणि काही दिवसांनी गुळगुळीत कागदाची रंगीत फाईल घरी आणायची. फाईलमध्ये पोराची भाषिक बुद्धी किती टक्के, संगीताची किती, तर्काची किती, सगळं दशांशचिन्हासकट. शेवटच्या पानावर तो ‘व्हिज्युअल लर्नर’, म्हणजे बघून शिकणारा, असल्याचा निकाल आणि त्याखाली कुठल्या करिअरला जावं याची यादी. पोरगं आत्ता पहिलीला आहे.

तिनं मला फोन केला. “वहिनी, तुम्ही शिक्षिका आहात म्हणून विचारते. रात्री त्याला गोष्टी वाचून दाखवते ते बंद करू का? ऐकून याला फारसं कळत नाही असं आलंय रिपोर्टमध्ये.”

मी म्हटलं, “बंद करून बघ, पुढच्या गाडीनं पुण्याला येऊन भांडते तुझ्याशी.”

ठसे आईच्या पोटातच तयार होतात, सहाव्या महिन्याच्या आत पक्के होतात आणि जन्मभर तसेच राहतात. मेंदूही त्याच काळात घडत असतो, म्हणून ठशांवरून मेंदू वाचता येतो, असा या लोकांचा दावा. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीवरून दुसरी कशी ओळखायची, याचं उत्तर फाईलमध्ये नसतं. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनं 2019 मध्येच याला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलंय. तरी धंदा चालू आहे. पैसे मोजून आणलेली फाईल खोटी मानायला कुणाचंच मन तयार होत नाही.

तिला हे सगळं सांगून झालं, फोन ठेवला आणि समोर माझी नोंदवही उघडी होती.

ज्यांचा जिल्हा परिषदेच्या शाळेशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. 2010 साली आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. तेव्हापासून प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवाव्या लागतात: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना चांगली होती. पोराकडे नीट बघा आणि जे दिसेल ते लिहा, इतकंच. पण पट मोठा, शाळा द्विशिक्षकी, वर पोषण आहाराचा हिशोब आणि ऑनलाइन माहिती. त्यामुळे तयार नोंदींचे पीडीएफ निघाले आणि व्हॉट्सॲपवर फिरायला लागले. ‘कृतीतून चांगले शिकतो.’ ‘ऐकलेले लवकर लक्षात ठेवते.’ ‘चित्रांच्या साहाय्याने समजते.’ मुलाचं नाव बदललं की झालं. ठशांच्या फाईलीला हसायचं ते हसा, पण आपल्या नोंदवह्या उघडून हसा.

या नोंदी येतात कुठून? दोन वेगळ्या विचारांची खिचडी होऊन. आमच्या बहुतेक प्रशिक्षणांत ती तशीच वाढली जाते.

पहिला विचार हॉवर्ड गार्डनर यांचा. हार्वर्डमधले हे मानसशास्त्रज्ञ बोस्टनच्या एका रुग्णालयात मेंदूला इजा झालेल्या माणसांबरोबर काम करायचे. एखाद्याची वाचा गेलेली, पण गाणं शाबूत. एखाद्याला बोलता सगळं येतं, पण ओळखीच्या वाटेवर तो हरवतो. बुद्धी ही एकच एक गोष्ट असती तर एवढं तुकड्यातुकड्यानं नुकसान कसं होईल, या विचारातून 1983 मध्ये त्यांनी सात बुद्धिमत्ता मांडल्या: भाषिक, तार्किक-गणिती, अवकाशीय, संगीतविषयक, शारीरिक, इतरांना ओळखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची. पुढं निसर्गविषयक आठवी आली, नववीचा त्यांनी विचार करून ठेवला. ‘गार्डनरने किती बुद्धिमत्ता सांगितल्या?’ हा टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, अभ्यास करणाऱ्यांचा लाडका प्रश्न. सात, आठ की नऊ यावर स्टाफरूममध्ये वाद झालेले मी पाहिलेत. त्या बुद्धिमत्तांचं वर्गात करायचं काय, यावर वाद झालेला मात्र पाहिला नाही. गार्डनरवर टीकाही भरपूर झाली. माणसाच्या क्षमता इतक्या सुट्या नसतात, एका प्रकारच्या चाचणीत पुढं असणारा बहुतेकदा दुसऱ्या प्रकारातही पुढं असतो, हे मोजणारे लोक शंभर वर्षांपासून सांगतायत. तो वाद आज बाजूला ठेवते.

दुसरा विचार अध्ययनशैलींचा. बघून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे आणि हातानं करून शिकणारे, ही आज सगळीकडे दिसणारी चौकट न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची, 1992 सालची. ते शाळा तपासनीस होते. चांगल्या शिक्षकांच्या वर्गातही काही पोरं मागं कशी राहतात, हा प्रश्न त्यांना तपासणीत फिरताना पडला होता. प्रश्न खराच आहे, मलाही रोज पडतो. त्यांची प्रश्नावली मात्र तुम्हाला काय आवडतं ते विचारते. रस्ता विचारलात तर नकाशा आवडेल की कुणी तोंडी सांगितलेलं? आता आवड ही आवड असते. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना शिकण्यापेक्षा खेळायलाच आवडतं.

शैलीप्रमाणे शिकवलं तर जास्त येतं का, हे तपासायची रीत अवघड नाही. ‘बघून शिकणारी’ आणि ‘ऐकून शिकणारी’ अशी दोन्ही प्रकारची मुलं घ्या. दोन्ही गटांतल्या अर्ध्यांना बघून शिकवा, अर्ध्यांना ऐकून, आणि सगळ्यांची परीक्षा एकच घ्या. बघणाऱ्यांना बघून जास्त आलं आणि ऐकणाऱ्यांना ऐकून, तर शैली खरी. 2008 मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी तोवरचा सगळा अभ्यास याच कसोटीवर चाळला. या पद्धतीनं नीट केलेले प्रयोग फारच थोडे सापडले, आणि त्यातल्याही बऱ्याच प्रयोगांचे निकाल शैलीच्या दाव्याच्या उलट निघाले. इतकी वर्षं जगभर प्रशिक्षणं झाली, पुस्तकं खपली, आणि मुळाशी एवढंच.

हे वाचल्यावर काही जण लगेच म्हणतील की मग सगळी मुलं सारखीच का? सारखी कशी असतील? माझ्या चौथीत एक मुलगा दुसऱ्या शाळेतून दाखला घेऊन आला. जुन्या शाळेच्या नोंदी बरोबर होत्या: ‘ऐकून चांगले शिकतो, लेखनात रस नाही.’ खरंच, तोंडी काहीही विचारा, धडाधड उत्तरं. फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं की वही कोरी, किंवा शेजारच्याच्या वहीत डोकं. दुसऱ्या आठवड्यात मी त्याला फळ्यापाशी आणून उभं केलं, तर सगळं वाचलं. मागं नेलं, तर डोळे बारीक केले. पुढं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी तपासणीला आली, डॉक्टरांनी तालुक्याला पाठवलं, चष्मा लागला. पहिल्या दिवशी तो वर्गात बसून फळ्यापेक्षा खिडकीबाहेर जास्त बघत होता. “बाई, लिंबाला पानं सुटी सुटी असतेत की!” म्हणाला. तीन वर्षं त्याला दिसत नव्हतं आणि कागदावर त्याची अध्ययनशैली लिहून ठेवली होती. मुलांमधले फरक हे असे असतात. कुणाला दिसत नाही, कुणाचा कान फुटलेला असतो, कुणाला अक्षरं खरोखर उलटी-पालटी होतात. या शेवटच्याला अध्ययन अक्षमता म्हणतात आणि 2016 च्या दिव्यांग कायद्यात ती आहे. या फरकांना डॉक्टर लागतो, तपासणी लागते. रकान्यातल्या वाक्यानं त्यांचं काही होत नाही.

आता जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसले, ती पोरगी. तिला रेणुका म्हणू, खरं नाव वेगळं आहे.

आमचा भाग ऊसतोडीचा. दिवाळी झाली की गाव अर्धं रिकामं होतं. कोयत्याबरोबर लेकरंही जातात. हंगामी वसतिगृह असलं आणि घरी आजी असली तर राहतात, नाहीतर कारखान्यावर, कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत. पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, की चैत्रात परत येतात आणि थेट वार्षिक परीक्षेच्या तोंडावर बाकावर बसतात. रेणुका तशी आली. तिच्याही नोंदीत तेच होतं, ‘कृतीतून चांगली शिकते.’ एका सहकारी सरांनी सल्ला दिला, “मॅडम, तिला फळ्यावरच्या गणितात अडकवू नका, कृती द्या. ती त्या टाइपची आहे.”

मी तिला 100 वजा 63 हे उदाहरण दिलं. तिनं उभ्या मांडणीत लिहिलं आणि उत्तर काढलं 163.

घाईची चूक नव्हती ती. वर शून्य खाली तीन, तर तीन लिहिले. वर शून्य खाली सहा, तर सहा लिहिले. एक तसाच खाली उतरवला. प्रत्येक रकान्यात मोठ्यातून लहान वजा करायचं, असा तिनं स्वतःच नियम बसवला होता आणि तो इमानदारीनं पाळला होता. शंभरातून काही काढल्यावर एकशे त्रेसष्ट कसे उरतील, हा प्रश्नच तिला पडला नाही, कारण कागदावरचं ते शंभर तिच्यासाठी शंभर नव्हतंच.

मग मी पाटी बाजूला ठेवली. कारखान्यावर पोरं वाढे विकतात, उसाचे शेंडे, जनावराच्या चाऱ्याला. म्हटलं, “रेणुका, सात रुपयाला पेंढी. एकानं नऊ पेंढ्या घेतल्या अन् शंभराची नोट दिली. किती परत देशील?”

“सदतीस.” मान वर न करता.

“कसं काढलं?”

“धा पेंढ्या घेतल्या असत्या तर सत्तर. मग तीस परत द्यायचे. पर त्यानं एक कमी घेतली ना, मग तिचे सात आणखी. सदतीस.”

हे परत एकदा वाचा. तिनं नऊ साती त्रेसष्ट केलंच नाही. दहाला नेऊन मागं आली. आम्ही प्रशिक्षणात ज्याला संख्याज्ञानाची पक्व समज वगैरे म्हणतो ती हीच. आणि हीच पोरगी पाच मिनिटांपूर्वी शंभरातून त्रेसष्ट काढून 163 लिहीत होती.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात संशोधकांनी रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांना असंच तपासलं होतं, 1985 साली त्याचा निबंध आला. पाचच मुलं होती, पण निबंध जगभर गाजला. गिऱ्हाईक बनून तोंडी हिशोब विचारला तेव्हा 98 टक्के उत्तरं बरोबर. तीच आकडेमोड नुसत्या संख्या मांडून दिली तेव्हा 37 टक्के. या मुलांना काय म्हणायचं? ऐकून शिकणारी? करून शिकणारी? गणिती बुद्धिमत्तेची की गणिती बुद्धिमत्ता नसलेली? यातलं एकही नाव लावून त्यांचं पुढचं गणित सुटत नाही. त्यांच्याकडे हिशोब होता. कागदावरची चिन्हं त्या हिशोबाला जोडून द्यायला कुणी बसलं नव्हतं.

सरांचा सल्ला ऐकला असता तर रेणुकाला आणखी पेंढ्या, आणखी चिंचोके, आणखी खेळ मिळाला असता. त्यात ती आधीच माझ्यापेक्षा पुढं आहे. मग मी खेळण्यातल्या नोटा काढल्या. शंभराची एक नोट तिच्यापुढं ठेवली. “मला तीन रुपये सुटे दे.” ती हसली, “नाहीत की.” “मग मोडून आण.” तिनं शंभराच्या दहाच्या दहा नोटा आणल्या. त्यातली एक मोडून रुपयाची दहा नाणी आणली. आणि इथं माझी एकच अट होती: हातानं जे केलं ते लगेच कागदावर लिहायचं. शंभर मोडले, मग शतकाच्या घरातला एक खोडला आणि दशकावर दहा लिहिले. त्यातला एक मोडला, मग दहाचे नऊ केले आणि एककावर दहा लिहिले. पुस्तकात ‘हातचा घेणे’ म्हणून जे खोडाखोडीचं जंजाळ दिसतं, ती तिच्यासाठी नोट मोडल्याची नोंद झाली. पुढं नोटा पालथ्या ठेवल्या, नुसत्या हाताच्या अंतरावर. मग कपाटात. 402 वजा 157 घातलं तेव्हा कपाटाकडे एकदा बघितलं तिनं, पण उठली नाही. 245 आलं, आणि खाली आपणहून बेरीज करून पडताळा घेतला.

ही कृती मी रेणुकाला ती ‘त्या टाइपची’ म्हणून दिली नव्हती. माझ्या वर्गात पहिला येणारा मुलगा आहे, वडील तलाठी कार्यालयात, घरी शिकवणी. त्यानं 402 वजा 157 कागदावर डोळे मिटून केलं असतं. त्याला मी काड्यांचे गठ्ठे दिले, शंभराचे मोठे आणि दहाचे लहान. म्हटलं, यातून 157 काढून दाखव, आणि कुठल्या गठ्ठ्याचं रबर सोडावं लागलं ते सांग. तो बराच वेळ नुसता बघत बसला. मधल्या शून्याच्या जागी नऊ कुठून येतो, हे त्याला माहीत नव्हतं. येतो एवढं माहीत होतं. हा ‘वाचून-लिहून शिकणारा’ मुलगा, त्याला काड्यांची गरज रेणुकाइतकीच होती, फक्त उलट्या बाजूनं. त्या दिवशी मी दोघांना एकाच सतरंजीवर बसवलं. ती त्याला गठ्ठे सोडून दाखवत होती, तो तिला मांडणी दाखवत होता. मधूनच भांडले, काड्या उडाल्या.

शिकवायची रीत ठरवताना माझं लक्ष आता मुलाच्या ‘टाइप’कडे नसतं, धड्याकडे असतं. जिल्ह्याचा नकाशा बघितल्याशिवाय कुणालाच कळत नाही, ऐकून शिकणारा असो की आणखी कुणी. कविता कानावर पडली पाहिजे, सगळ्यांच्या. एक किलो म्हणजे किती, हे पिशवी उचलल्याशिवाय येत नाही. दिशा अंगणात उभं राहून शिकवायच्या, वर्गात भिंतीकडे बोट दाखवून पूर्व शिकलेली पोरं बाहेर आली की सूर्यालाच चुकीचा ठरवतात. आणि वाचायला वाचूनच येतं, त्याला पर्याय नाही. एकच गोष्ट तीन बाजूंनी दाखवली तर सगळ्या वर्गाला तिन्ही बाजू मिळाव्यात. गंमत अशी की गार्डनर यांचं स्वतःचं म्हणणं हेच आहे. 2013 मध्ये त्यांनी वॉशिंग्टन पोस्टमध्ये लिहिलं की माझ्या बुद्धिमत्ता म्हणजे अध्ययनशैली नव्हेत, हा घोळ थांबवा. महत्त्वाचा विषय अनेक मार्गांनी शिकवा, प्रत्येक मुलाला जवळून ओळखा, आणि ‘शैली’ हा शब्द सोडून द्या. आमच्या प्रशिक्षणाच्या स्लाइडवर त्यांचा फोटो असतो, हे वाक्य नसतं.

आपल्याकडे हे आधी कळलेली माणसं होऊन गेलीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढं 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली. शिंपले, बिया, पानं हे साहित्य. मला त्यातलं सगळ्यात काय पटतं, तर जागा बदलली, वेळ बदलली, साहित्य बदललं, पण ही रानातली पोरं आहेत, यांना अक्षरं कशाला, असं त्या म्हणाल्या नाहीत.

कारण माझा खरा राग तिथं आहे. ‘करून शिकणारा’ हा शिक्का कुणाच्या पोरांवर पडतो ते एकदा बघा. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, शाळांच्या नोंदी मी चाळल्यात. तलाठ्याचं, मास्तराचं, दुकानदाराचं पोर ‘आकलन उत्तम’. तोडकऱ्याचं, मेंढपाळाचं, वीटभट्टीवाल्याचं पोर ‘कृतीतून शिकतो’, ‘खेळात रस’, ‘कलेची आवड’. बोलायला किती गोड. कुणीच ‘ढ’ म्हणत नाही आता. पण पाचवीत जाताना त्याला सलग परिच्छेद वाचता येत नाही, आणि येत नाही याची कुणाला लाजही वाटत नाही, कारण त्याची बुद्धिमत्ता वेगळी आहे म्हणे. त्याची बुद्धिमत्ता वेगळी असेलही. सातबारा, बँकेचं पासबुक आणि मुकादमाचा उचलीचा कागद वाचताना ती वेगळी बुद्धिमत्ता विचारात घेतली जात नाही.

रेणुकाच्या ‘सुधारणा आवश्यक’ रकान्यात मी लिहिलं: ‘तोंडी व्यवहारातील वजाबाकी अचूक. लेखी वजाबाकीत वरच्या संख्येत शून्य असताना दशक सुटे करताना अडत होती. नोटांच्या साहाय्यानंतर तीन अंकी उदाहरणे स्वतंत्रपणे सोडवते. पुढील वर्षी चार अंकी देऊन पाहावे.’ केंद्रप्रमुख सर म्हणाले, “मॅडम, एवढं रकान्यात बसत नाही हो.” मी मागच्या पानावर लिहिते आणि रकान्यात ‘मागे पहा’ टाकते. पाचवीच्या बाईंनी मागचं पान उलटलं तर त्यांचा पहिला महिना वाचेल.

सध्या भागाकारावर आलेय. 618 भागिले 6 याचं उत्तर माझ्या चौथीतली बरीच पोरं 13 काढतात, मधलं शून्य खाऊन टाकतात, त्यात तो पहिला येणाराही आहे. गठ्ठे वाटून बघितले, नोटा वाटून बघितल्या, वाटताना बरोबर वाटतात आणि लिहिताना शून्य विसरतात. उत्तर आधी अंदाजानं सांगायला लावायचं, ‘शंभराच्या वर येईल की खाली?’, यानं थोडा फरक पडतोय. कुणी यावर दुसरं काही करून पाहिलं असेल तर मला कळवा, जून उजाडायच्या आत.